डावीकडून चौथं घर

“शब्दांच्या मागे लागू नका रे! शब्द म्हणजे भाडेकरू, आज हा, उद्या तो. जागा लक्षात ठेवा. जागा कुठे पळून जात नाही!”

असं वहिनी म्हणायच्या, आणि म्हणताना चष्मा काढून टेबलावर आपटायच्या. चष्म्याच्या दोन काड्या त्यांनी याच वाक्यापायी मोडल्या होत्या.

वहिनी नक्की कुणाच्या, हे कचेरीत कुणालाच सांगता आलं नसतं. थोरल्या मालकांच्या काळात कुणीतरी एकदा तशी हाक मारली आणि ती चिकटली. पुढे साठीचा टेम्पोवालाही वहिनी म्हणू लागला आणि कालपरवा लागलेली टायपिस्टही. घरचा सख्खा दीर मात्र नुसतं “ओ!” म्हणून हाक मारायचा.

कचेरीचा धंदा आजारी माणसांचा. म्हणजे औषधपाण्याचा नव्हे. आजाऱ्याच्या घरी लागणाऱ्या वस्तू भाड्याने द्यायचा. दांडा फिरवून वर-खाली होणाऱ्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, असलं सगळं. खाली गोदाम, वर कचेरी. खाली परत आलेल्या खाटा फिनेलने पुसायच्या, वर फोन घ्यायचे. खाट परत आली म्हणजे दोनातली एक गोष्ट झालेली असायची. एक तर माणूस उठून चालायला लागला, नाहीतर माणूसच उरला नाही. तिसरा प्रकार देवानेसुद्धा ठेवलेला नाही.

हा सगळा हिशेब संगणकाच्या पडद्यावर चार घरांत मांडलेला असे. डावीकडून पहिल्या घरात चौकशी करणारे. दुसऱ्यात, ज्यांच्याकडे खाट पोचली ते. तिसऱ्यात, बरे झाले ते. आणि अगदी उजवीकडे, चौथ्या घरात, जे गेले ते. कचेरीत ‘वारले’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. टेम्पोवाला खाट उतरवून वर यायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, “वहिनी, ते घड्याळजी. चौथ्या घरात.” वहिनी मान हलवायच्या आणि घड्याळजींचं नाव उजवीकडे सरकवायच्या.

चौथ्या घराचा एक रिवाज होता, थोरल्या मालकांनी घालून दिलेला. तिथे गेलेल्याच्या घरी काही पाठवायचं नाही. जाहिरात नाही, स्मरणपत्र नाही, शुभेच्छा नाहीत. एकच फोन करायचा, तोही वहिनींनी. “काही लागलं तर सांगा,” एवढं बोलायचं आणि ठेवून द्यायचा. बस्स!

पुढे थोरले मालक स्वतःच चौथ्या घरात गेले आणि धाकटे मालक आले. धाकट्यांनी कुठलासा महागडा अभ्यासक्रम केला होता. त्यात त्यांना शिकवलं होतं की धंदा बुडतो तो शब्दांमुळे. झालं! दर वर्षी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणि चार घरांना चार नवी नावं! पहिल्यांदा आले लीड, डील, कस्टमर आणि क्लोज्ड. ते पाठ होतात न होतात तोच ‘कस्टमर’ म्हणणं मागासलेपणाचं ठरलं. मग आले पाहुणे, मित्र, आप्त आणि आठवण. टेम्पोवाला गोंधळून गेला. “वहिनी, त्या वकिलीणबाई आप्त झाल्या की आठवण?”

“चालतायत का त्या?”

“चालतायत काय, भांडतायत!”

“मग तिसरं घर. नाव कशाला वाचतोस?”

माणूस तोच, दुखणं तेच, खाट तीच, आणि दर वर्षी नवं बारसं! बाकीचे लोक नावं पाठ करून करून वेडे झाले. वहिनींनी मात्र एकही नाव पाठ केलं नाही. त्या जागा धरून बसल्या, आणि दर वेळी त्यांचंच काम सगळ्यांत आधी संपलं. मग त्या पदर खोचून कचेरीभर फिरायच्या आणि चष्मा आपटायच्या.

आता मुद्द्यावर येऊ. मुद्दा खुर्चीचा होता.

खिडकीजवळच्या काचेच्या खोलीत विभागप्रमुखाची खुर्ची होती. आधीचे प्रमुख दुसरीकडे निघून गेले होते आणि त्यांच्या जागी आणलेल्या नव्या खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आजवर आलेला प्रत्येक प्रमुख बाहेरून आला, वहिनींकडून काम शिकला आणि शिकून झाल्यावर त्यांनाच म्हणाला, “वहिनी, जरा चहा सांगता का?” या खेपेला धाकट्या मालकांनी जाहीर केलं होतं, “नवी आवृत्ती येतेय. तिची मांडणी जो चोख करील, खुर्ची त्याची.”

वहिनींनी त्या संध्याकाळी घरी जाऊन जाऊबाईंना सांगून टाकलं, “झाले हो मी प्रमुख!”

जाऊबाई खालच्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांची जीभ दोन्ही मजल्यांवर. त्या म्हणाल्या, “अगंबाई! कागद आला हातात?”

“येईलच की.”

“मग आल्यावर सांगा. तुमचं मागे दुचाकीचंही असंच झालं होतं. पेढे आम्ही खाल्ले, दुचाकी शेजाऱ्यांनी घेतली.”

तेव्हा आता खुर्ची मिळाली नाही तर घरातल्या जिन्यावरून मान वर करून चढता येणार नव्हतं. आणखीही एक कारण होतं, ते वहिनींनी कुणाला सांगितलं नव्हतं. नव्या आवृत्तीत प्रत्येक घराला मेसेज जाणार, असं कानावर आलं होतं. चौथ्या घरालासुद्धा. त्यांनी विरोध केला तेव्हा उत्तर मिळालं, “ते प्रमुख ठरवतील.” बरं! मग प्रमुखच व्हायचं, की झालं!

खुर्चीवर डोळा असलेला दुसरा माणूस म्हणजे शब्दकोश, हे नाव कचेरीनेच ठेवलेलं. तो तिशीतला, कडक इस्त्रीचा, धाकट्या मालकांनी खास नवे शब्द शिकवायला नेमलेला. माणूस वाईट नव्हता. पण त्याला “पाऊस पडतोय” म्हणालात तर तो म्हणाला असता, “पडतोय नको, पोचतोय म्हणू या.”

नव्या आवृत्तीचं शिक्षण त्यानेच दिलं. सगळ्यांना खुर्च्या गोल मांडून बसवलं.

“आजपासून ‘ग्राहक’ म्हणायचं नाही. सोबती म्हणायचं.”

“कुणाचे?” टेम्पोवाल्याने विचारलं.

“आपले. आणि ‘तक्रार’ म्हणायचं नाही. संवाद म्हणायचं. ‘चूक’ म्हणायचं नाही. शिकवण म्हणायचं. प्रत्येक मेसेजची सुरुवात सोबत्याच्या घराच्या नावाने होईल. ‘प्रिय नवे सोबती’, ‘प्रिय चालू सोबती’. ते सिस्टीम आपोआप टाकते.”

“आणि पगाराला काय म्हणायचं?” वहिनींनी विचारलं.

“पगाराला? पगारच.”

“त्याचंही नाव बदला की! तो वाढत तर नाहीच, निदान नवा तरी वाटेल!”

हशा असा पिकला की खालच्या गोदामातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. वहिनी चष्मा पुसत स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हशात शब्दकोश घसा ताणून पुढचं एक वाक्य बोलला. ते वाक्य एकट्या त्याला ऐकू गेलं.

नव्या आवृत्तीत जुनी सगळी नावं एका ढिगाऱ्यात येऊन पडली होती. ती उचलून घराघरांत लावायची होती. शब्दकोशाने आपल्या वाटणीच्या लोकांना पुस्तिका वाटल्या आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. वहिनींनी पुस्तिका खिडकीच्या फटीत सारली, वारा येत होता म्हणून.

“ऐका ग पोरींनो! घरांची नावं वाचायची नाहीत. तशीही ती राखेच्या रंगात लिहिलीत, दिसायची नाहीत. डावीकडून मोजा. बरा झाला तर तिसरं, गेला तर चौथं. चला!”

सगळ्याजणींनी अशी सपाटून सरकवासरकवी केली म्हणता, की चहा यायच्या आत ढिगारा साफ! शब्दकोशाची माणसं तेव्हा दुसऱ्या पानावरचे आभार वाचत होती. शेवटी त्यांचीही नावं वहिनींनीच लावून दिली. वर म्हणाल्या, “राहू द्या हो. घरचंच काम आहे.”

पाहणीच्या दिवशी धाकटे मालक नवा कोट घालून आले. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘संवाद’ लिहिलेलं आणि खाली एक भलंमोठं शून्य. कुणी फोन केला किंवा उलट मेसेज केला की तो आकडा वाढणार होता.

“सगळी मांडणी वहिनींची ना?” मालकांनी विचारलं.

“एकहाती!” वहिनी म्हणाल्या.

शब्दकोश तोंड उघडायला गेला. वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते जांभईसाठी उघडलं होतं असं दाखवलं.

मालकांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. सगळ्या घरांतल्या सगळ्या सोबत्यांना एकदम मेसेज सुटले.

मग टायपिस्टच्या टेबलावरचा फोन वाजला. मग शेजारचा. मग पलीकडचा. मग एकदम सगळे, जशी काही कचेरीला आग लागली आहे आणि सगळे बंब एकाच वेळी निघालेत! भिंतीवरचा आकडा शून्यावरून उठला आणि धावत सुटला.

“बघा!” मालक ओरडले. “संवाद! बघा संवाद!”

वहिनींनी ऐटीत आपला फोन उचलला. पलीकडे निवृत्त पोस्टमास्तर होते. पाय मोडून महिनाभर खाटेवर पडलेले आणि गेल्याच महिन्यात ठणठणीत बरे झालेले.

“वहिनी, मी बोलतोय.”

“बोला, पोस्टमास्तर!”

“मी बोलतोय म्हणजे मी आहे, हे तुमच्या लक्षात येतंय ना?”

“अहो, म्हणजे काय!”

“मग ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, गेलेल्या जिवास शांती लाभो’ हे कुणाला? सूनबाईने वाचलं. मी बागेत झाडांना पाणी घालत होतो. तिने मला न बघताच माझ्या लेकीला फोन लावला. आता माझे दोन्ही जावई निघालेत! एकाने तर कामावर सुट्टीसुद्धा घेतली. त्याला मी आता काय तोंड दाखवू?”

वहिनींनी फोन कानापासून दूर धरला. म्हणजे तिसऱ्या घराला दुखवट्याचा मेसेज गेला! मग चौथ्या...

त्यांनी वळून शब्दकोशाकडे पाहिलं. “अहो, तिसरं घर म्हणजे बरे झालेले ना?”

“नाही. तिसरं घर ‘शांत सोबती’. बरे झालेले म्हणजे ‘आनंदी सोबती’, ते चौथं. या आवृत्तीत दोन घरांची अदलाबदल केलीय. नजर डावीकडून उजवीकडे जाते ना, तर शेवट आनंदाने व्हावा म्हणून.”

“आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?”

“शिक्षणातच सांगितलं होतं,” शब्दकोश हळूच म्हणाला. “तुम्ही पगाराचं म्हणालात ना, त्याच्या पुढचंच वाक्य होतं.”

वहिनींनी चष्मा काढला. पण या वेळी आपटला नाही. नुसता हातात धरून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला. तो कुणाच्या तरी दारात खाट आणायला उभा होता. “वहिनी, घड्याळजींचा मुलगा मला इथेच भेटला. त्याने माझी कॉलर धरलीय. बोला त्याच्याशी. मला बोलता येत नाही, गळा आवळलाय.”

मुलगा फोनवर आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“‘प्रिय आनंदी सोबती,’” त्याने वाचून दाखवलं. “‘आपण पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिलात, अभिनंदन! आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ बाई, माझे वडील आपल्या पायांवर नाही हो उभे राहिले. चौघांच्या पायांवर गेले. कुणाला विचारून देऊ तारे?”

“चूक झाली,” वहिनी म्हणाल्या. “माझी चूक झाली.”

मुलाने फोन ठेवला. भिंतीवरचा आकडा एकाने वाढला.

नंतरची दुपार कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. वहिनींनी बाकी सगळ्यांना फोनवरून उठवलं आणि चौथ्या घराचे सगळे फोन स्वतः घेतले. कुणी शिव्या दिल्या. कुणी रडलं. एका म्हातारबुवांनी, “म्हणजे ती बरी होऊन दुसरीकडे कुठे आहे का?” असं विचारलं, आणि त्यांची बायको गेल्याचं वहिनींना त्यांना नव्याने सांगावं लागलं. प्रत्येकाला त्या एकच वाक्य म्हणत होत्या, “चूक झाली. माझी झाली.” आणि वाक्य संपलं की भिंतीवरचा आकडा एकाने वाढत होता. मालक पडद्यासमोर उभे राहून तो आकडा फोटोत घेत होते.

मध्येच पोस्टमास्तर स्वतः जिना चढून हजर! काठीसुद्धा आणली नव्हती, मुद्दाम.

“हे बघा, चालून दाखवतो!” म्हणत त्यांनी दोन टेबलांमधून फेरी मारली. “आता मला जिवंत करा!”

शब्दकोशाने संगणकावर बोटं चालवली. मग घाम पुसला. “काका, एक अडचण आहे. शांत घरातून माणूस परत येत नाही. सिस्टीम येऊ देत नाही.”

“अरे, पण मी आलोय ना? जिना चढून आलोय!”

“हो, पण नियम बरोबरच आहे हो त्यांचा. एरवी कोण परत येतं? आता एकच उपाय. तुम्हाला पहिल्या घरात नवी चौकशी म्हणून यावं लागेल. मग दुसरं घर. मग खाट...”

“म्हणजे मी पुन्हा पाय मोडून घेऊ?”

“सिस्टीमपुरता, काका.”

पोस्टमास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी फोनवर कुणालातरी “चूक झाली” म्हणत होत्या. त्यांचा चेहरा बघून पोस्टमास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला. “राहू दे,” ते शब्दकोशाला म्हणाले. “मेलेलाच ठेव मला. निदान तुमच्या जाहिराती तरी यायच्या नाहीत.”

“येतील, काका,” शब्दकोश कळवळून म्हणाला. “आता सगळ्याच घरांना येतात.”

फोन थांबले तेव्हा वहिनी उठल्या आणि मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. खुर्ची गेली, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं. जिन्यावरून जाऊबाई काय म्हणतील तेही ऐकू यायला लागलं होतं.

“साहेब, नावं न वाचता मी घरं लावली. यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. सगळी.”

“वहिनी,” मालक हसले, “‘चूक’ नाही म्हणायचं. शिकवण.”

“चूकच आहे, साहेब. लोकांच्या घरी जाऊन आपण त्यांच्या मेलेल्या माणसांचं...”

“तुम्ही तो आकडा बघितलात का? सॉफ्टवेअर कंपनीतून मला आत्ता फोन आला होता. पहिल्या दिवशी इतका संवाद त्यांच्या कुठल्याच कचेरीत झाला नाही! कुठल्याच! आणि त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या तुमच्या फोनवर!”

“त्या तक्रारी होत्या.”

“संवाद!” मालक म्हणाले आणि त्यांनी स्वतः काचेच्या खोलीत जाऊन खुर्चीवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. “बसा.”

टाळ्या पडल्या. शब्दकोशानेही वाजवल्या, त्याच्या टाळ्यांचा आवाज जरा उशिरा आला. वहिनी बसल्या. आयुष्यभर जिची वाट बघितली ती खुर्ची बूड टेकताच फुस्स् करून खाली गेली आणि वहिनींची हनुवटी टेबलाला लागली. दांडा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी सगळ्यांचे फोन आले होते. एकाच घरचा आला नव्हता, शिंपीणबाईंचा. त्यांचा नवरा कचेरीच्याच खाटेवर बराच काळ होता आणि पावसाळ्यात गेला. वहिनी घरी न जाता आधी तिकडे गेल्या. रागावलेला माणूस परवडला, गप्प बसलेला नाही.

शिंपीणबाई मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटची दुमड घालत होत्या. जिथे पूर्वी खाट होती तिथे कापडांचे गठ्ठे होते. वहिनींना पाहून त्यांनी एक गठ्ठा उचलून बसायला जागा केली.

“मेसेज आला असेल तुम्हाला,” वहिनी म्हणाल्या.

“आला की. पाच तारे दिले मी.”

वहिनींना वाटलं, ही टोमणा मारतेय. पण बाई सुईत दोरा ओवत होत्या, चेहरा अगदी साधा.

“पाच? का हो?”

“आधी काहीच दिलं नाही, तर ते सारखं विचारत राहिलं. मग एक दिला. तर म्हणे, ‘आमचं काय चुकलं ते लिहा.’ आता काय लिहू? तुमचं काय चुकलं? माणूस तर माझा गेला. दोन दिले, तरी तेच. पाच दिले तेव्हा गप्प बसलं.” त्यांनी दोरा दाताने तोडला. “ते गेले तेव्हा तुमचा फोन आला होता, वहिनी. तेव्हा तुम्ही काही विचारलं नव्हतंत. ते बरं होतं.”

“चूक झाली हो माझी,” वहिनी म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच ते वाक्य बोलून कुठला आकडा वाढला नाही.

“असू दे. चहा टाकते.”

“नको. पण पुन्हा नाही येणार असलं काही. आता मी प्रमुख आहे. मी ठरवणार.”

घरी जिन्यात जाऊबाई उभ्याच होत्या. वहिनींनी कागद दाखवला. जाऊबाईंनी तो दिव्याखाली धरून वाचला. “‘मुख्य सोबती’? अहो, प्रमुख कुठे लिहिलंय?”

“प्रमुखालाच आता तसं म्हणतात.”

“बरं बाई! आमच्या आत्यांना रात्री कुणीतरी लागतं सोबतीला. पाठवू का निरोप?”

वहिनींनी कागदाची घडी घातली आणि त्या वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं काम त्यांनी तेच केलं. खुर्चीवर दोन जाड पुस्तिका घालून उंची वाढवली, शब्दकोशाला बोलावलं आणि म्हणाल्या, “जे गेले त्यांना पुन्हा वेगळं घर द्या, अगदी शेवटी. आणि तिथे मेसेज बंद.”

“घर देतो. पण मेसेज बंद होत नाही. प्रत्येक घराला मेसेज असावाच लागतो, माणूस आत आला की तो आपोआप सुटतो.”

“मग मेसेजात काही लिहू नका. कोरा ठेवा.”

“ठेवतो. आणि घराला नाव काय देऊ?”

“नाव नकोच.”

“बिननावाचं घर सिस्टीम घेत नाही, वहिनी. काहीतरी लिहावंच लागेल.”

वहिनींनी चष्मा काढला आणि तो टेबलावर असा आपटला की तिसरी काडीही गेली. “मग सरळ लिहा, ‘इथे काही पाठवू नका’! म्हणजे पुढच्या आवृत्तीतल्या गाढवालासुद्धा वाचता येईल!”

शब्दकोशाने ते जसंच्या तसं लिहिलं, ठळक अक्षरांत. कधी नव्हे ते त्याने शब्द बदलून सुचवला नाही. वहिनींनी या वेळी स्वतः पडद्याला नाक लावून नाव वाचलं, अक्षर न् अक्षर. मग एकेक माणूस स्वतःच्या हाताने त्या घरात नेऊन ठेवला. घड्याळजी. म्हातारबुवांची बायको. शिंपीणबाईंचा नवरा. झालं! थोरल्या मालकांचा रिवाज परत आला. खिडकीतून छान वारा येत होता. वहिनींनी खुर्चीत मान मागे टेकली, आणि कचेरीत लागल्यापासून पहिल्यांदा स्वतःसाठी चहा सांगितला.

चहा आला आणि त्याच्यामागोमाग फोन वाजला.

“वहिनी, मी शिंपीण बोलतेय. कामात नाही ना?”

“नाही, बोला.”

“परत एक आलाय. मी वाचते हं. ‘प्रिय इथे काही पाठवू नका सोबती.’ मग खाली कोरंच आहे. आणि त्याच्याखाली ते तारे.” मशीनचं चाक थांबल्याचा आवाज आला. “म्हणजे मीच ना ही?”

वहिनींनी काचेबाहेर पाहिलं. भिंतीवरचा आकडा नुकताच एकाने वाढला होता. टायपिस्टच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला होता. मग शेजारचा.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “तुम्हीच.”

“मग काय करू?”

“पाच द्या, बाई. गप्प बसेल.”